परतीची सॅक : ओतूर ते मुलुंड, माळशेजमार्गे

१० मे २०२५, शनिवार

बुधवारी देशभर नागरी संरक्षणाचं मॉक ड्रिल झालं, तेव्हापासून सोसायटीच्या ग्रुपवर 'इमर्जन्सी बॅग'च्या याद्या फिरतायत. सगळ्या याद्या घर सोडून पळण्यासाठी. माझी गरज उलटी आहे. मी लांब असते आणि मला घरी यायचं असतं. कांद्याच्या कामासाठी मुलुंडहून ओतूरला सारखं जाणं-येणं असतं. गाडी ऑफिसची, चालवायला ड्रायव्हर भाऊ. रस्ता कल्याण, मुरबाड, टोकावडे, वैशाखरे, माळशेज घाट, मढ, ओतूर. एप्रिल-मेमध्ये कांदाचाळी भरल्या की माल बघणं, भाव ठरवणं, उचलणं हे दिवाळीपर्यंत चालतं, म्हणजे अख्खा पावसाळा घाटातून.

सॅकच्या कामाची हद्द आधीच लिहून ठेवते, नाहीतर सॅक फुगत जाईल. गाडी पुढे जात नाही, मागेही वळत नाही, अशा वेळी दोघांनी पायी निघून एसटी, वडाप (शेअर जीप) किंवा लोकल जिथे मिळेल तिथवर पोचायचं. घर मुलुंडला असलं तरी सॅकचं घर म्हणजे मुरबाड, किंवा उलट्या बाजूला ओतूर. गाडी मागे वळत असेल तर सॅक डिकीतच राहू दे. आळेफाटा, नारायणगाव, चाकण, तळेगाव, एक्स्प्रेस वे असा वळसा घ्यायचा आणि घरी मध्यरात्री पिठलं-भात खायचा.

११ मे, रविवार

दादा डोंबिवलीहून यादी घेऊन आला. तो सह्याद्रीत कायम भटकणारा, त्यामुळे त्याचं म्हणणं एकच: हलकं ठेव, चालत सुट. त्याचा हिशेब नेस्मिथ नावाच्या स्कॉटिश गिर्यारोहकाच्या १८९२ च्या नियमावर: सपाटीला तासाला ५ किलोमीटर, शिवाय दर ६०० मीटर चढाईला एक तास जास्त. माळशेज उतरायचाच आहे, मग काय, संध्याकाळपर्यंत टोकावडे. मी विचारलं, पावसात, अंधारात, ओल्या जीन्सवर किती? तर म्हणाला, जीन्स घालूच नकोस. हे मात्र बरोबर आहे. भिजलेली जीन्स मांड्या सोलते आणि घाटाच्या वाऱ्यात अंग गार पाडते. डिकीत सिंथेटिक ट्रॅकपँट ठेवायची हे पक्कं.

परदेशी याद्यांमध्ये उपग्रहावरून संदेश पाठवणारं यंत्र हमखास असतं. आपल्याकडे परवान्याशिवाय ते बाळगता येत नाही, त्यापायी परदेशी पाहुणे विमानतळावर अडकलेत. खोडून टाकलं. मोठा चाकूही खोडला. भाऊंच्या सीटखाली कोयता आहेच, तो शहाळ्यांसाठी.

१८ मे, रविवार

चाचणी. जागा नाणेघाट. दादाचा आग्रह होता की माळशेज बंद पडला तर नाणेघाटाची पायवाट हा दुसरा मार्ग धरावा: वर जुन्नर तालुक्यातलं घाटघर, खाली वैशाखरे, आणि मध्ये सातवाहनांच्या काळापासून बैलांनी, माणसांनी तुडवलेली वाट. भाऊंनी आम्हाला वर सोडलं आणि गाडी घेऊन माळशेजमार्गे खाली आले.

वरच्या गुहेत सातवाहन राणी नागनिकेचा ब्राह्मी लेख आहे, तोंडाशी जकातीचा म्हणतात तो दगडी रांजण. इथे उभं राहून एक गोष्ट डोक्यात आली. घाटाच्या माथ्यावर पाण्याची टाकी खोदलीत, बसायला गुहा कोरलीय. म्हणजे वाट जितकी चालायची तितकीच थांबायची. दादाला हे बोलले नाही, तो पुढे निघून गेला होता.

उतार कोरडा असूनही वेग कुठेच ताशी ५ नव्हता. वरच्या नळीतले दगड गुळगुळीत झालेत, प्रत्येक पाऊल बघून टाकावं लागतं, तिथे ताशी दीड-दोन किलोमीटर म्हणजे चांगला वेग. खाली रान लागल्यावर वाटा फुटतात. मे महिन्यात त्या दिसतात, जुलैत गवत उंच झाल्यावर दिसणार नाहीत. कोरडे पडलेले ओढे वाटेला आडवे आहेत. दगडांवर पाण्याच्या जुन्या खुणा माझ्या कमरेच्याही वर होत्या, त्यांचे फोटो काढून ठेवलेत.

दुपारनंतर वळवाचा पाऊस आला. अर्ध्या तासात वाटेवरची लाल माती बुटाच्या तळाला थर देऊन बसली आणि पाय जड झाले. वैशाखऱ्याला भाऊ चहा पीत बसले होते. त्यांना नाणेघाटाचा बेत सांगितला तर मान हलवली. "ताई, पावसात डांबर सोडायचं नाही. डांबरावर माणूस सापडतो. रानात गेला तर शोधायला जाणारा पण अडकतो."

निर्णय: पायवाटा बाद, नाणेघाटही. फक्त रस्ता. दादा नाराज. तो म्हणतो, मग एवढी तयारी कशाला. मला वाटतं तयारी बदलली, कमी झाली नाही.

२१ मे, बुधवार

ऑफिसनंतर नागदेवी स्ट्रीट. नायलॉन दोरी १० मीटर, शिट्टी, कपाळावरची बॅटरी, झिप असलेल्या जाड पिशव्या. शिट्टीचा ठरलेला संकेत: तीनदा वाजवायची, थांबायचं, पुन्हा तीनदा. घसा ओरडून बसतो, शिट्टी बसत नाही.

बॅटरीचे सेल बॅटरीत ठेवायचे नाहीत. गाडीच्या उष्णतेत अल्कलाईन सेल पाझरतात आणि ऐन वेळी संपर्काच्या पट्ट्या हिरव्या पडलेल्या सापडतात. सेल वेगळ्या पिशवीत. पॉवर बँक उन्हात तापलेल्या डिकीत ठेवणं धोक्याचं, म्हणून ती माझ्या रोजच्या पर्समध्येच.

२४ मे, शनिवार

आज पूर्ण दिवस प्लॅस्टिकवर गेला, आणि तो वाया गेलेला नाही.

प्रश्न निवाऱ्याचा. दादाने चंदेरी फॉइलचं ब्लँकेट दिलं. वजनाने काहीच नाही, पण आतून घाम सुटून कपडे ओले होतात, वाऱ्यात फडफडून फाटतं. आणीबाणीत एका माणसाला गुंडाळायला ठीक, रात्र काढायला नाही. भाऊंनी शेततळ्याच्या कागदाचा उरलेला तुकडा आणून दिला. भक्कम माल, पण ५०० मायक्रॉन. एका चौरस मीटरचं वजन अर्ध्या किलोच्या जवळपास भरतं, म्हणजे दोन बाय तीन मीटरचा तुकडा जवळजवळ तीन किलो. तो गाडीत राहील, पाठीवर नाही. शेवटी साधं पारदर्शक मेनकापड घेतलं, १०० मायक्रॉन. दोन बाय तीन मीटरला साधारण साडेपाचशे ग्रॅम. डोक्यावरून खोळ करून चालता येतं, बसल्या जागी दोघांवर पांघरता येतं, आणि सगळ्यात महत्त्वाचं, आडोसा म्हणून धरता येतं. बाईमाणसाला हायवेवर रात्री लघवीला जायचं तर आडोसा लागतो, हे इंटरनेटवरच्या एकाही यादीत नव्हतं. सॅनिटरी पॅडही नव्हते. दोन्ही घातले. पॅड रक्तस्राव दाबायलाही चालतात, दादाने हे मान्य केलं आणि आपल्या सॅकमध्ये ठेवायला चार मागून घेतले.

पारदर्शक घ्यायचं कारण: काळ्यात बसलं की बाहेर काय चाललंय ते कळत नाही.

२६ मे, सोमवार

हवामान खात्याने आज मुंबईत मान्सून आल्याचं जाहीर केलं. नेहमीची तारीख ११ जून. नोंदी ठेवायला लागल्यापासून इतक्या लवकर कधी आला नव्हता. सॅक अर्धीच झालीय.

१ जून, रविवार

खाणं. सासूबाईंनी हा भाग आपल्याकडे घेतला. त्यांची गूळपापडी उत्तम, पण बंद गाडीत तूप सुटून डबा तेलकट होतो. चॉकलेटचं तर बोलायलाच नको. ठरलं ते असं: भाजलेले शेंगदाणे, खारीक, गुळाचे खडे, मिठाची पुडी. शंभर ग्रॅम शेंगदाण्यात ५५० च्या वर कॅलरी, शिजवायची भानगड नाही. खवट होतात म्हणून दर पंधरवड्याला बदलायचे, जुने मी आणि भाऊ घाटात खाऊन टाकायचे. सासूबाईंचं म्हणणं, दशम्या घेऊन जा. दशम्या त्या-त्या दिवसाच्या डब्यात, सॅकमध्ये नाही.

पाणी. उन्हाळ्यात अंगावर प्रत्येकी दोन लिटर, पावसात एक लिटर आणि क्लोरीनच्या गोळ्या. गोळीवर किती लिटरसाठी ते वाचूनच घ्यायची, १ लिटरची वेगळी आणि २० लिटरची वेगळी असते. सुती रुमालाची चौपदरी घडी करून पाणी गाळायचं, गोळी टाकायची, अर्धा तास थांबायचं. गढूळ पाण्यात क्लोरीनचा जोर गाळावरच खर्च होतो, म्हणून गाळणं आधी. ओआरएसची पाकिटं डब्ल्यूएचओ सूत्राची, २०.५ ग्रॅमची. अख्खं पाकीट एक लिटरमध्ये. ग्लासभर पाण्यात चिमूट-चिमूट टाकायची आपल्याकडची सवय इथे चालत नाही.

८ जून, रविवार

पाय. बूट ॲक्शन कंपनीचे ट्रेकिंगचे, दादाच्या पिढीने यांवरच सह्याद्री पालथा घातला. नवे कोरे ठेवायचे नाहीत, म्हणून रोज स्टेशनपर्यंत घालून चालतेय. पायमोज्यांचे दोन जोड झिपच्या पिशवीत, एक चालायचा, एक फक्त थांबल्यावर घालायचा. कितीही मोह झाला तरी थांबल्यावरचा जोड ओला करायचा नाही. मायक्रोपोर टेप टाच आणि करंगळीसाठी, फोड यायच्या आधी, टोचायला लागल्याबरोबर. व्हॅसलीनची छोटी डबी. चिखल्यांसाठी पावडर घरीच, एका रात्रीत चिखल्या होत नाहीत.

१६ जून, सोमवार

काल इंद्रायणीवरचा कुंडमळ्याचा जुना लोखंडी पूल पडला, माणसं गेली. आज गाडीत भाऊ आणि मी पाण्याचे नियम ठरवत आलो. वाहतं पाणी घोट्याच्या वर आणि तळ दिसत नसेल तर ओलांडायचं नाही. गढूळ पाण्यात रस्ता आहे की वाहून गेलाय हे कळत नाही. दोरी बांधून ओलांडणं हे माहीतगारांचं काम, आमच्या दोरीचा उपयोग मेनकापड बांधण्यापुरता. घाटातले ओढे चढतात तसे उतरतात, वर पाऊस थांबला की काही तासांत. तेवढे तास बसता आलं पाहिजे.

तर यादीची क्रमवारी फिरवली. दादाच्या यादीत पहिले बूट होते. माझ्या यादीत पहिलं मेनकापड, दुसरे कोरडे कपडे, तिसरं भाऊंचं घोंगडं. घोंगडं ओलं झालं तरी बऱ्यापैकी ऊब धरतं, पण वजनदार, म्हणून तेही गाडीतच.

२२ जून, रविवार

आग. कापूर हवाबंद डबीत (उघडा ठेवला तर उडून जातो), सायकलच्या ट्यूबच्या पट्ट्या, लायटर. ट्यूबची पट्टी ओली असली तरी पेटते, पण काळा धूर सोडते. प्रयोग गच्चीवर केला, खालच्या मजल्यावरून तक्रार आली. जुलैतल्या रानात लाकूडच ओलं असतं, तेव्हा आग फार तर मनाला धीर द्यायला. उन्हाळ्यात हा डबा सॅकमधून बाहेर, वणव्याचं कारण आपण व्हायचं नाही.

२९ जून, रविवार

जनावरं. यावर लोक बोलतात फार आणि करतात चुकीचं.

साप: डोंगरातल्या दगडांत फुरसं, शेताकडे घोणस, नाग, रात्री मण्यार. चिरा द्यायचा नाही, चोखायचं नाही, दोरीने आवळायचं नाही. अंगठी, बांगड्या काढायच्या, कारण सूज चढते. चावलेला हात-पाय फळीने किंवा काठीने हलू न देता ठेवायचा आणि ग्रामीण रुग्णालय गाठायचं, औषध तिथेच आहे. १०८ ला फोन. अंधारात बॅटरीशिवाय पाऊल नाही, आणि दगडावर बसायच्या आधी काठी आपटायची.

बिबट्या: जुन्नर तालुक्यात ही गोष्ट काल्पनिक नाही. ऊस दाट, माणिकडोहला बिबट्यांचं निवारा केंद्रच आहे. म्हणून ओतूरच्या बाजूला अडकलो तर अंधारात उसाच्या कडेने चालायचं नाहीच. चालावं लागलं तर दोघांनी बरोबर, मोबाईलवर गाणी मोठ्याने, हातात काठी. वाकून किंवा उकिडवं बसायचं नाही. भाऊंच्या काठीला घुंगरू आहेत, आधी मला ती हौस वाटायची.

आग्या मोहोळ: कड्यांना लटकलेली असतात. उग्र अत्तर, डिओ फवारून निघायचं नाही. हे सांगितल्यावर भाऊ हसले आणि गाडीतलं सुगंधी डबडं काढून टाकलं. त्याचा वास मला कधीच सोसत नव्हता, ते सांगायला चांगलं निमित्त मिळालं.

६ जुलै, रविवार

आषाढी. सासूबाई सकाळपासून टीव्हीपुढे. आळंदी ते पंढरपूर अडीचशे किलोमीटर चाललेल्या माणसांच्या खांद्यावर काय आहे ते बघत बसले. एक पिशवी, एक मेनकापड, पायात बऱ्याच जणांच्या साध्या चपला. पण त्यांच्या वाटेवर मुक्काम ठरलेले असतात, जेवण असतं, पाय दाबणारे हात असतात. ठरलेल्या मुक्कामामुळेच ओझं कमी होतं.

त्यावरून सुचलेलं काम: आमचेही मुक्काम ठरवायचे. मढला एका व्यापाऱ्यांचं घर, खुबी फाट्याच्या टपऱ्या, घाटाखाली मोरोशी, मग टोकावडे. प्रत्येक ठिकाणचा एक फोन नंबर कागदावर पेन्सिलीने, कारण शाई पसरते.

१५ जुलै, मंगळवार (लिहिलं बुधवारी)

ओतूरहून संध्याकाळी निघालो. मढच्या पुढे पाऊस, पिंपळगाव जोग्याचं धरण उजव्या की डाव्या हाताला तेही दिसेना. खुबी फाट्याला धुकं इतकं दाट की बोनेटचं टोक गायब. भाऊंनी गाडी टपऱ्यांच्या ओळीत कडेला लावली, डोंगराच्या बाजूला नाही. दोन ट्रक आधीच उभे होते. घरी ठरलेला मेसेज पाठवला: "खुबी. थांबतोय. सकाळी." एकच रेघ नेटवर्क होतं, फोन लागला नसता, मेसेज गेला.

रात्र गाडीतच. इंजिन चालू ठेवून काचा बंद करून झोपायचं नाही, धूर आत साठून माणूस झोपेतच जातो. म्हणून इंजिन बंद, काच दोन बोटं उघडी, त्यातून येणारं पाणी मेनकापडाने अडवलं. टपरीवर चहा घ्यायला गेले तेवढ्यात गुडघ्यापर्यंत भिजले. थांबल्यावरचे कोरडे पायमोजे घातले तेव्हा पहिल्यांदा वाटलं, हे पैसे वसूल. शेंगदाणे संपले. बॅटरी कपाळावर लावून भाऊंनी टायर तपासले. बूट डिकीतून बाहेर काढलेच नाहीत.

पहाटे धुकं थोडं उठलं, ट्रकच्या मागे हळूहळू उतरलो.

१६ जुलै, बुधवार

दादाला फोन. त्याचं म्हणणं: खुबीहून उतरायला अंतर काय आहे, चालत गेला असतात तर रात्री मोरोशीला पोचला असतात. अंतराबद्दल तो बरोबर आहे. पण धुक्यात, दरडीखालून, ट्रकवाल्याला न दिसणारी दोन माणसं त्या वळणांवर? त्याने लगेच विषय बदलून रिफ्लेक्टरची पट्टी सुचवली. चांगली सूचना. सॅकच्या मागे आणि काठीला पट्टी लावली.

सॅकमध्ये वाढवलं: आणखी एक कोरडे पायमोजे, पत्त्यांचा जोड (भाऊंची मागणी), छोटा टॉवेल. कमी केलं: अर्धी दोरी, दुसरा चाकू.

२६ जुलै, शनिवार

२००५ च्या मुंबईच्या पुराला आज वीस वर्षं झाली. सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला होता, लोकल बंद, लाखो माणसं पाण्यातून घरी चालत गेली. म्हणून मुंबईतल्या टप्प्याचाही विचार हवा. कल्याणला पोचलो आणि लोकल बंद असली तर? कल्याण ते मुलुंड रुळाच्या हिशेबाने २३ किलोमीटर, मध्ये पारसिकचा बोगदा आणि खाडी. तिथून चालायचं नाही. डोंबिवलीला दादाकडे मुक्काम. तो म्हणाला, "एवढं सगळं करून शेवटी माझ्याकडेच येणार ना?" हो.

२०१९ ला वांगणीजवळ महालक्ष्मी एक्स्प्रेस पुरात अडकली तेव्हा रेल्वेने प्रवाशांना उतरू नका असंच सांगितलं होतं. मदत गाडीपर्यंत आली, हजाराच्या वर माणसं सुखरूप बाहेर पडली.

साचलेल्या पाण्यातून चालावंच लागलं तर पायाच्या जखमा झाकायच्या, घरी आल्यावर साबणाने पाय धुवायचे आणि लेप्टोसाठी डॉक्टरांना दाखवायचं. गोळी त्यांनी सांगितली तरच.

२ ऑगस्ट, शनिवार

वाण्याच्या काट्यावर वजन: पाण्यासकट साडेचार किलोच्या आत. दादाच्या मूळ यादीपेक्षा जड, माझ्या भीतीपेक्षा हलकी.

सुट्टे पैसे घातले, दहा, वीस, पन्नास, शंभरच्या नोटा मिळून दीड हजार. वडापवाला नेटवर्क नसताना यूपीआय घेत नाही.

घरचा नियम फ्रिजवर लावला: ओतूरहून निघताना एक मेसेज, मढला एक, वैशाखऱ्याला एक. वैशाखऱ्याचा मेसेज रात्री दहापर्यंत आला नाही तर आधी दादाला फोन, मग ११२. सासूबाई म्हणाल्या, दहा कशाला, नऊ करा. नऊ केलं.

बाकी राहिलेली कामं: भाऊंसाठी दुसरी सॅक. एका सॅकमध्ये दोघांचं म्हटलं तरी कोरडे कपडे आणि बूट ज्याचे त्याचेच लागतात. त्यांचा नंबर नऊ. त्यांना बूट नकोत, सॅंडल हव्यात, मागे पट्टा असलेल्या. ऑक्टोबरमध्ये मेनकापड खाली ठेवून पाणी दुप्पट, टोपी आणि जास्तीचं ओआरएस आत. कापराचा डबा फेब्रुवारीत काढायचा. घोंगडं धुवायला टाकू नये, फक्त उन्हात घालावं, असं भाऊंनी बजावलंय.